मीटर म्हणाला, वायर चांगली आहे

सुट्टीला गावी निघायच्या चार दिवस आधी माझ्या गाडीचा इंजिनचा दिवा लागला. गाडी चालत होती, पण चढावर तिला दम लागत होता. स्कॅनरवर कोड आला पी००१०. मग, वर्गात तुम्हाला जे करू नका म्हणून सांगतो, नेमकं तेच मी केलं. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह विकत आणला आणि बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

इनटेक व्हॉल्व्ह कधी उघडायचे, हे इंजिनच्या वेगानुसार आणि भारानुसार थोडं पुढेमागे करता येतं. त्यासाठी कॅमशाफ्टच्या टोकाला तेलाच्या दाबाने फिरणारा एक भाग असतो. त्याच्याकडे तेल सोडतो तो हा छोटा, विजेवर चालणारा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याला हुकूम देतं कंट्रोल युनिट. हुकूम पोहोचला नाही, की कॅमशाफ्ट मूळ जागीच राहतो. म्हणून गाडी बंद पडत नाही, नुसती मरगळते.

कोड पी००११ असता तर आधी तेलाची पातळी आणि तेलातला गाळ पाहिला असता. पी००१० म्हणजे विजेच्या मार्गातला दोष. त्या मार्गात व्हॉल्व्हची कॉइल आहे, तसाच कनेक्टर आहे, वायरी आहेत, कंट्रोल युनिटही आहे. मी त्यातली कॉइल तेवढी दोषी धरली होती.

काढलेल्या व्हॉल्व्हचा रोध आता मोजला. ७.२ ओहम. मॅन्युअलमधली मर्यादा ६.९ ते ७.९. म्हणजे जुना व्हॉल्व्ह निर्दोष! चावी फिरवल्यावर कनेक्टरच्या एका वायरीत १२.४ व्होल्ट मिळाले. दुसरी वायर कंट्रोल युनिटकडे जाते. बॅटरी सोडवून, युनिटचा कनेक्टर काढून तिचा रोध पाहिला, तर ०.४ ओहम. उत्तम.

इथेच मी फसत होतो. मीटर रोध मोजताना अगदी क्षीण धारा सोडतो. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी ती धारा आरामात जाते. व्हॉल्व्हला मात्र १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर लागतात. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब साधारण तेवढीच धारा ओढतो. दोन्ही टोकं सुटी असलेली ती वायर वेगळ्या बॅटरीवर बल्बसोबत जोडली. बल्ब मंद पेटला. वायरीचा जुडगा हाताने हलवत गेलो. इंजिनमागच्या पत्र्याच्या ब्रॅकेटपाशी येताच बल्ब विझला. तिथे वायर घासून आतल्या तारा तुटल्या होत्या. वरचं आवरण जेमतेम चिरलेलं.

तुटका भाग कापून नवा तुकडा डाख देऊन जोडला, वर स्लीव्ह चढवली आणि जुडगा ब्रॅकेटपासून दूर बांधला. कोड पुसला. घाट चढून गावी पोहोचलो, दिवा लागला नाही.

जुना व्हॉल्व्ह वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला आहे. पुढच्या तासाला येताना प्रत्येक गटाने मीटर आणि २१ वॅटचा बल्ब, दोन्ही आणावेत.