बांधकामाआधी वाट : काळ्या जमिनीवरील घरांसाठी तात्पुरता मुरमी रस्ता

घर बांधावयास काढले म्हणजे विटा, सिमेंट व सळई यांचा हिशेब प्रथम होतो. हे साहित्य जागेवर कोणत्या वाटेने यावयाचे, याचा विचार बहुधा पहिली ट्रॉली रुतल्यानंतर सुरू होतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्यांच्या काठी कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील बराच भाग काळ्या जमिनीचा आहे. तेथे ही चूक महाग पडते. एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, वाळूचे वजन सुमारे साडेचार टन भरते. ट्रॅक्टर व ट्रॉली यांचे वजन वेगळेच.

काळ्या मातीतील अतिसूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात व वाळले की आकसतात. त्यामुळे वैशाखात दगडासारखी भासणारी जमीन दोन पावसांनंतर चाकाखाली दबते. जिल्ह्याचा बहुतांश भाग पर्जन्यछायेत आहे हे खरे. परंतु पाऊस थोडा, म्हणून चिखल थोडा, असा हिशेब चुकीचा होय. दक्षिणेकडील तालुक्यांत सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो आणि उन्हाळ्यात पाया घातलेली अनेक घरे त्या वेळी अर्ध्यावर असतात.

घरकुलाच्या लाभार्थ्यास याची झळ अधिक बसते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असून अनुदानाचे हप्ते कामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. गाडी रस्त्यावरच रिकामी झाली की डोक्यावरून वाहण्याची मजुरी वाढते, खडीत माती मिसळून काँक्रीट कमजोर होते आणि टप्पा लांबला की हप्ताही लांबतो.

उपाय साधा आहे. मात्र तो पाया खोदण्यापूर्वी करावयाचा आहे. सुमारे दहा फूट रुंदीच्या पट्ट्यातील गवत, मुळे व वरची सहा इंच माती काढून ती परसबागेसाठी बाजूस रचावी. तळ दाबून घ्यावा. त्यावर दगडाची सोलिंग बसवून फटींत बारीक खडी भरावी व वर मुरूम पसरून पाणी मारून दाबावा. रोलर नसल्यास भरलेला ट्रॅक्टर वारंवार फिरवूनही बरेच काम भागते. चिखलावर थेट मुरूम ओतणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. असा मुरूम खाली जातो, चिखल वर येतो व पैसे जमिनीत गडप होतात. तळ व दगड यांच्यामध्ये रस्त्यांच्या कामात वापरतात तसे विणलेले कृत्रिम कापड अंथरल्यास हे मिसळणे पुष्कळ टळते.

तीस फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ इंच जाडीच्या वाटेचे दाबलेले घनफळ २२५ घनफूट होते. दाबल्याने होणारी घट धरून साधारण पावणेतीन ते तीन ब्रास साहित्य लागेल. (घनफळाचे हे गणित शिक्षकांनी वर्गातही घालून पाहावे.) वाटेचा मध्य कडांपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवावा. पाणी पायाच्या चराकडे जाऊ देऊ नये आणि भरलेली गाडी चराच्या खोलीइतक्या अंतराच्या आत आणू नये, कडा ढासळते. अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगरी भागात पाऊस जास्त व उतार तीव्र. तेथे वाटेवर आडव्या चरी काढून पाणी बाजूस वळविणे आवश्यक ठरते.

ग्रामपंचायत सदस्यांनी दोन गोष्टी काम सुरू होण्यापूर्वीच पाहाव्यात. पहिली गटाराची. वाट रस्त्यास जेथे मिळते तेथे गटार मुरमाने बुजविले जाते आणि शेजाऱ्याच्या दारात पाणी तुंबते. भांडणे येथूनच सुरू होतात. गटारात पुरेशा व्यासाचा सिमेंटचा नळ टाकूनच वरून भराव करू द्यावा. तेथून गावची जलवाहिनी जात असल्यास तिची खोलीही तपासावी. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे दूर करण्याचा अधिकार पंचायतीस ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ ने दिला आहे; तथापि खडीचा ढीग पडल्यावर नोटीस बजावण्यापेक्षा आधी जागा आखून देणे बरे. दुसरी मुरमाची. तो गौण खनिज असल्याने गायरानातून वा ओढ्यातून विनापरवाना उचलल्यास जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो. लाभार्थ्यास हे ठाऊक नसते. ग्रामसेवक व तलाठी यांनी ते वेळीच सांगावे.

काम संपल्यावर ही वाट उखडण्याची गरज नाही. वरचा चिखल खरवडून मुरमाचा पातळ थर दिला की तेच अंगण होते, आणि पुढे फरशी बसवावयाची झाल्यास तिचा पाया तयारच असतो.