दृष्टी गेली म्हणून चित्र सुटतं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. आधी तो सुंदर चित्रं काढायचा. जवळच दिव्यांगांसाठी मातीकामाचा वर्ग सुरू झालाय. आई म्हणते, ‘दिसत नाही, उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची?’ पाठवू का?
– एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, आईंची भीती मायेपोटी आहे, पण चित्र फक्त डोळ्यांनीच होतं हा समज खरा नाही. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर गेली. पुढे त्यांनी कागद कापून कोलाज केले आणि १९७२ मध्ये तिथल्याच कलाभवनात टाइल्सचं भलंमोठं भित्तिचित्र उभारलं. हात आणि आठवण त्यांच्याजवळ होतीच. तुमच्या भावाजवळही आहे.

जायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. पहिल्या दिवशी सोबत जा आणि शिक्षक त्याचा हात धरून स्वतःच वस्तू घडवतात की त्याला चाचपडायला, चुकायला वेळ देतात, ते बघा. अवजारं ठरल्या जागी असावीत. त्याला न विचारता फोटो काढू देऊ नका.

घरी रेघ काढायची असेल तर रबरी पॅडवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेननं दाबून ओढा. रेघ उठते, बोटांना कळते.

सुरुवातीला तो चिडेल, रडेलही. ते साहजिक आहे. मात्र जेवणझोप तुटली, बोलणं बंद झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांना नक्की भेटा. मातीकाम त्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही.