डबा कॅमेरा वापरताना

१९०० साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन कोडॅकने एका डॉलरला ब्राउनी विकायला काढला. पुढच्याच वर्षी ‘नंबर टू ब्राउनी’ आला. माझ्याकडे तोच आहे. पुठ्ठ्याचा डबा, आत एकच भिंग. वापरता वापरता कळलं ते असं.

१. फोकस करायची सोय नाही. साधारण आठ-दहा फुटांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं, अलीकडचं धूसर. तेव्हा अंतर पावलांनी मोजावं.

२. शटरचा वेग एकच, सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग. वरची पट्टी ओढली की भिंगासमोर लहान भोक येतं, ते लख्ख उन्हासाठी. आमच्या पावसाळ्यात ४०० आयएसओची फिल्म नसेल तर डबा कपाटातच बरा.

३. शटरचा खटका फसवा आहे. खाली दाबला की एक फोटो, वर ढकलला की दुसरा! मधे फिल्म सरकली की नाही, याची डब्याला फिकीर नाही. खटका ‘जागेवर’ आणायला गेलात की आजोबांच्या फोटोवर शेजाऱ्याची म्हैस उमटते. फोटो काढला की आधी चावी फिरवावी, मग गप्पा. डबा पोटाशी घट्ट धरावा आणि दाबताना श्वास रोखावा.

४. मागच्या लाल खिडकीतून फिल्मच्या कागदावरचे आकडे दिसतात. त्या काळच्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे, आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर होतो. आकडा पाहायचा तेवढाच सावलीत, एरवी खिडकीवर काळी चिकटपट्टी.

५. व्ह्यूफाइंडर दोन, उभ्या आणि आडव्या फोटोसाठी. दोन्हींत डावं-उजवं उलटं. सवय होते.

६. एका रोलवर आठच फोटो, पण निगेटिव्ह ६ बाय ९ सेंटिमीटरची. मला विचाराल तर या डब्याची खरी हुशारी इथेच आहे. एवढी निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापता येते, एन्लार्जर नको. चित्र मोठं करायचंच नाही, म्हणून स्वस्त भिंगाचे दोष खपून जातात. कडा जरा मऊ येतात, पण चेहरा ओळखू येतो आणि घरच्या अल्बमला तेवढं पुरे.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर भंगारात घालण्याआधी खटका दाबून पाहा. ‘टक्’ झालं तर बहुधा चालेल. त्याला लागणारा १२० चा रोल आजही मिळतो.