ज्या खर्चाला शेवट आहे

राहुरी तालुक्यात आमचा कांदा आहे, थोडा ऊस आहे आणि गोठ्यात चार-दोन जनावरं. ऊस कारखान्याची टोळी तोडून नेते, दूध मोटारसायकलवर डेअरीला जातं. गाडी लागते ती कांद्याला: कधी राहुरी, कधी शिंगणापूरवरून घोडेगाव, कधी नगरचं नेप्ती. वर्षानुवर्षं भाड्याच्या गाडीवर भागवल्यावर घरात विषय निघाला, जुनी पिकअप घ्यायची का? नवी आम्हाला पेलणारी नव्हती. आमच्या पैशात बसणाऱ्या जुन्या गाड्यांचं काही ना काही काम निघालेलं होतं. त्या शोधात जे उमगत गेलं, ते इथं मांडतो.

१. गाडी बघायच्या आधी आपलं काम मोजावं लागतं. घरची हिशेबाची वही काढून भाड्याचा आकडा मांडला, तेव्हा वाटलं होतं की उत्तर त्या आकड्यातच मिळेल. वही वाचताना वेगळंच लक्षात आलं. भाड्यापेक्षा जास्त महाग पडले होते ते गाडी न मिळालेले दिवस. भाव चढला की सगळ्या गावाला एकाच पहाटे गाडी हवी असते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव बघता बघता कोसळले. माल एक दिवस आधी जाणं न जाणं म्हणजे काय, हे तेव्हा कांदेवाल्या प्रत्येक घराला कळलं. पण वहीनं दुसरी बाजूही दाखवली. हंगाम सरला की गाडी उभी राहणार, आणि उभ्या गाडीलाही विमा लागतो, पासिंग लागतं. शेजारच्या दोन वस्त्यांचा माल आणि उन्हाळ्यातला चारा धरला, तेव्हाच गाडीला वर्षभराचं काम दिसायला लागलं.

२. दोष दोन जातीचे असतात. ही गोष्ट मला आमच्या मेस्त्रींनी शिकवली. सगळा परिसर त्यांना चाचा म्हणतो. क्लच प्लेट गेली, पाटे बसले, बुश वाजतायत, टायर गुळगुळीत झालेत, सेल्फ धरत नाही, हे सगळे दोष दुकानात भाव विचारता येईल असे. सामान आणलं, मजुरी दिली, विषय संपला. दुसरे दोष असे की एकदा हात घातला की पैसा कुठवर जाईल ते मेस्त्रीलाही सांगता येत नाही: तडकलेली चेसिस, अपघातात वाकलेला सांगाडा, दम गेलेलं इंजिन, अडकलेले कागद. चाचा म्हणाले, “भाऊ, ज्या खर्चाला शेवट आहे तो दोष घे. ज्याला शेवट नाही, ती गाडी फुकट मिळाली तरी नको.” पुढच्या प्रत्येक गाडीपाशी मी हीच फूटपट्टी लावली.

३. गाडी वरून दिसते ती विकण्यासाठी, खालून दिसते ती घेण्यासाठी. एक पिकअप नुकतीच रंगवलेली होती. नवे सीट कव्हर, हौद्याला झगझगीत पट्टे. घरातल्या पोरांना ती तिथंच आवडली. चाचांनी पोतं अंथरलं, बॅटरी घेतली आणि खाली सरकले. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चेसिसवर ताजा काळा रंग होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं तो खरवडला. खालून वेल्डिंगची खडबडीत रेघ निघाली आणि रेघेच्या टोकाला केसासारखी नवी चीर, पुढे सरकत गेलेली. मालक काही बोलला नाही, आम्हीही वाद घातला नाही. क्षमतेच्या दीडपट-दुप्पट माल भरून खड्ड्यांतून पळालेली गाडी हा भार कुठेतरी साठवून ठेवते, आणि तो बहुतेक वेळा चेसिसवरच दिसतो.

४. इंजिनची खरी परीक्षा सकाळी, गार असताना. बघायला यायची वेळ आपण ठरवावी आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका, असं नम्रपणे सांगावं. गेल्या गेल्या मी बॉनेटवर हात ठेवून बघायचो. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उठलं तर बरं. मग धूर बघायचा. काळा धूर बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा नोझलचा, म्हणजे आटोक्यातला. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर असेल तर कूलंट आत जात असल्याची शंका घ्यायची. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं आणि तिथून धपधप धूर मारू लागला, तर रिंग-पिस्टनचं काम जवळ आलं. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधट साका दिसला की ऑइलमध्ये पाणी मिसळलंय असं धरून चालायचं. हे कळायला मेस्त्री असावंच लागत नाही. थांबून बघायची सवय मात्र लागते.

५. रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते. आपल्या नगरमध्ये व्हीआरडीई आहे, तिथं संरक्षण खात्याच्या गाड्या वेगवेगळ्या ट्रॅकवर पळवून तपासतात. आपल्याला ती साधनं नाहीत, पण विळद घाट आहे, इमामपूर घाट आहे. मालकाला विनंती करून हौद्यात पोती टाकली आणि गाडी चढाला घातली, की सपाट रस्त्यावर न कळलेलं बरंच काही कळतं. इंजिन फिरतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. गिअर आपोआप निसटतो, म्हणजे पेटी उघडावी लागणार. उतारावर पाय दाबताना पेडल मऊ लागलं किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर तिथूनच परत फिरायचं.

६. कागदांची दुरुस्ती कुठल्याच गॅरेजमध्ये होत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. विमा नावावर करून घ्यायलाही १४ दिवसच असतात. मालाच्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी होतं, तेव्हा जुन्या गाडीला हा खर्च दरसाल धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट बसवली आहे का, ई-चलन किती थकलंय, तेही बघून घ्यावं. “नाव काय, सावकाश करू,” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच जबाबदार मालक. आरसीवर एक नाव आणि विकायला दुसराच माणूस असेल, तर तिथं मन घालू नये.

७. हप्ता गाडीबरोबर बंद पडत नाही. हे वाक्य माझ्या बायकोचं. मी कर्जाचा विचार बोलून दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “गाडी गॅरेजात असली तर हप्ता कोण भरणार?” जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्यापेक्षा जास्त, वर दुरुस्तीचे दिवस कमाईविना. मग आम्ही ठरवलं की गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च दोन्ही हातात असतील तरच पुढे जायचं, आणि काम निघालेली गाडी हंगामाच्या तोंडावर घ्यायची नाही. गावठी कांदा काढणीला आला की गाडी तयारच हवी.

८. पहिला पैसा ब्रेकला. रंग, टेप, सीट कव्हर पुढच्या वर्षीही होतील. लायनर, ड्रम, व्हील सिलिंडर आणि टायर आधी. मला हे कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण आमच्याकडे कांदा लागवडीला जाणाऱ्या बायका पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीनं उभ्या राहून जातात. कायदा याला परवानगी देत नाही, आणि काही झालं तर अशा प्रवाशांच्या भरपाईला विमा कंपनी सहसा बांधील नसते. गाडी दारात आली की “एवढं सोडून ये” म्हणणारे येणार, हे धरूनच आम्ही घरात ठरवलं की हौद्यात माल बसेल, माणूस नाही. मजूर आणायला रिक्षाचं भाडं देऊ.

९. सर्वांत लांब यादीची गाडी सर्वांत सुरक्षित निघू शकते. आम्ही शेवटी घेतली ती पिकअप दिसायला फिकी, फाळका वाकलेला, क्लच घसरणारा, पाटे बसलेले, टायर बदलायला आलेले. पण चेसिस सरळ, इंजिन गार असताना उठणारं, कागद एकाच मालकाच्या नावे आणि बोजा उतरलेला. चाचांनी कागदावर एकेक काम आणि त्यापुढे रक्कम लिहिली. तोच कागद मालकापुढे ठेवून आम्ही भाव ठरवला. तुमची गाडी वेगळी असेल, वाट वेगळी असेल, कदाचित तुमच्या वहीतून भाड्याचीच गाडी परवडते असं निघेल. पण घेणार असाल तर असा कागद आधी करून घ्या. त्याची बेरीज मारता आली, तर व्यवहाराला बसा.