लाच एका देशात, तपास दुसऱ्या देशात

परदेशी माल पाठविणाऱ्या, किंवा निर्यातदाराला माल तयार करून देणाऱ्या बांधवांच्या हाती हल्ली ऑर्डरबरोबर एक कागद येतो. ‘या व्यवहारात कोणालाही लाच दिलेली नाही व दिली जाणार नाही’ असा मजकूर त्यावर छापलेला असतो. बरेच जण न वाचताच सही करतात. हा कागद का येतो आणि त्या सहीने आपण कशात बांधले जातो, ते आज पाहू.

पूर्वी बहुतेक देशांचा कायदा आपल्याच सरकारी नोकराला दिलेल्या लाचेपुरता असे. परक्या देशाच्या अधिकाऱ्याचे हात ओले केले तर तो गुन्हा ठरत नसे. १९७६ साली अमेरिकन सिनेटच्या चौकशीत लॉकहीड या विमान कंपनीने जपान व इतर देशांत पैसे चारल्याचे उघड झाले. जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तनाका यांना त्याच वर्षी अटक झाली आणि १९८३ साली न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्या काळात ४०० हून अधिक अमेरिकन कंपन्यांनी अशा संशयास्पद रकमा दिल्याची कबुली दिली. मग डिसेंबर १९७७ मध्ये अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्याला लाच देणे हा गुन्हा ठरविला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी हिशोबाच्या वह्या खऱ्या ठेवल्याच पाहिजेत, असेही बंधन त्याच कायद्याने घातले.

पण एकट्या देशाने कायदा करून भागेना. अमेरिकन कंपन्या म्हणू लागल्या, आमचे हात बांधलेले आणि इतरांचे मोकळे. जर्मनीत तर परदेशात दिलेली लाच धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा मिळत असे. म्हणून १७ डिसेंबर १९९७ रोजी पॅरिसमध्ये श्रीमंत औद्योगिक देशांनी करार केला. तो १९९९ च्या फेब्रुवारीत अमलात आला. भारत त्या करारात नाही. परंतु २००३ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारात भारत आहे. मे २०११ मध्ये आपण त्याला मंजुरी दिली.

या कराराने देशांवर तीन मोठी बंधने घातली. एक, दुसऱ्या देशाने मागितल्यास साक्षी-पुरावे द्यावेत. दोन, बँकेच्या गुप्ततेचे कारण सांगून नकार देऊ नये. तीन, पळविलेला सरकारी पैसा मूळ देशाला परत करावा.

देशादेशांतील अशा सहकार्याचा परिणाम सीमेन्स या जर्मन कंपनीच्या प्रकरणात दिसला. सल्लागारांची फी म्हणून दाखविलेल्या रकमांत लाच दडवलेली होती. अमेरिका आणि जर्मनी यांच्या तपासयंत्रणांनी एकमेकींना साहाय्य केले, आणि २००८ च्या अखेरीस कंपनीवर एकूण सुमारे १६० कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. लाच तिसऱ्याच देशांत दिलेली होती, तरी ती पकडली गेली ती हिशोबातून.

आता आपल्याशी संबंध कसा तो पाहा. ब्रिटनचा कायदा १ जुलै २०११ पासून लागू आहे. कंपनीसाठी काम करणाऱ्या दलालाने लाच दिली, तरी ती रोखण्याची पुरेशी व्यवस्था नसल्यास कंपनी दोषी ठरते. म्हणून तिकडचा खरेदीदार इकडच्या दलालाकडून आणि माल पुरविणाऱ्याकडूनही लेखी हमी मागतो. अमेरिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या चौकशा काही काळ थांबविल्या व जूनमध्ये नवे नियम काढले. पण कायदा रद्द झालेला नाही.

आपल्या देशातही २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेला कळविले तर त्याला संरक्षण आहे. ही मुदत लक्षात ठेवावी. गप्प बसणाऱ्याचा हा बचाव हातचा जातो.

तेव्हा पुढील पथ्ये पाळावीत :

१. हमीपत्र वाचून, समजून मगच सही करावी. इंग्रजी कळत नसल्यास जाणकाराकडून वाचून घ्यावे.

२. दलालाशी काम व कमिशन लेखी ठरवावे आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. कामाच्या मानाने कमिशन भारी असेल, तर ते कुणासाठी आहे हे विचारावे.

३. वहीत ‘चहापाणी’, ‘किरकोळ’ अशी मोघम नोंद करू नये. सरकारी फीची पावती घ्यावीच.

४. दुसऱ्याच्या सोयीसाठी वाढीव रकमेचे बिल फाडून देऊ नये. परदेशातील तपासात ते बिल निघाले तर त्यावर नाव आपले असते.

मोठ्या कंपनीला दंड भरून पुन्हा उभे राहता येते. चार कारागिरांच्या कारखान्याची मात्र एक ऑर्डर तुटली की चार घरांची चूल अडते. म्हणून आपली वही साफ ठेवणे हे आपल्याच हिताचे आहे.