वहीतली कोरी पाने

वजन घटवण्यासाठी केल्या जाणाऱ्या वर्तनोपचारात, म्हणजे नुसता आहारतक्ता हाती न देता खाण्याभोवतीच्या सवयी बदलू पाहणाऱ्या पद्धतीत, आत्मनोंदीला पहिले स्थान असते. खाल्लेला पदार्थ, वेळ, जागा आणि तेव्हाची मनःस्थिती स्वतःच लिहून ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ रुग्णांवरील अशा उपचाराचा वृत्तांत १९६७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही नोंद या क्षेत्रात रुळली आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या हाती मात्र ती गुन्ह्यांची नोंदवही बनली. 'चांगला दिवस', 'वाईट दिवस' असे शेरे तीत पडू लागले, दोन महिन्यांत पाच किलो उतरल्याने त्या शेऱ्यांना बळ मिळाले, आणि होळीला दोन पुरणपोळ्या पोटात गेल्यावर, आजचा दिवस गेलाच आहे तर आणखी दोन खाऊन उद्यापासून नव्याने आरंभ करावा, असे मनाने घेतले. तो उद्या उगवला नाही. वही कोरी राहिली आणि वर्षाच्या आत पाचाचे सात किलो होऊन परतले.

हर्मन आणि मॅक यांच्या १९७५ च्या प्रयोगात, एरवी खाण्यावर बंधन घालणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला असता त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी नव्हे, उलट अधिक खाल्ले. नियम एकदा मोडला की हात सुटतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या समाजाला हे नवे वाटू नये, जरी त्या म्हणीत थट्टाच अधिक असली तरी.

म्हणून वहीत शेरा न लिहिता प्रसंग लिहावा: भूक होती की कंटाळा, आग्रह कोणाचा होता. पुढे समुपदेशकासह जुनी पाने चाळताना लेखिकेचे बहुतेक 'वाईट' दिवस दुपारचे जेवण चुकलेले निघाले, आणि खाणे संध्याकाळच्या चहासोबतच्या फरसाणाचे. खाण्यास उद्युक्त करणारी कारणे आधीच दूर करणे, ज्याला उद्दीपक-नियंत्रण म्हणतात, ते येथे वेळेवर जेवण्याइतके आणि फरसाण घरी न आणण्याइतके साधे होते. निग्रहाची कसोटी त्यात फारशी नव्हती. मात्र अनावर खाऊन मग उलटी काढणे किंवा मुद्दाम उपाशी राहणे घडत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे.

राहून गेलेला दिवस मागाहून आठवून भरू नये. तारीख टाकून 'लिहिले नाही' एवढे लिहावे आणि पुढच्या जेवणाची नोंद त्याखालीच सुरू करावी.