अळंबी ओळखावी ती भुईंत, हंड्यांत नव्हे

दुष्काळाच्या दिवसांत अलीशा संदेष्टा गिल्गालास आला असतां (२ राजे ४:३८-४१) शिष्यांपैकीं एक जण भाजीसाठीं रानांत गेला आणि एका रानवेलीचीं फळें ओटी भरून घेऊन आला. तीं त्यानें चिरून हंड्यांत टाकलीं. तीं कसलीं, हें कोणासच ठाऊक नव्हतें. मनुष्य वाईट नव्हता. भुकेल्या बंधूंसाठींच तो गेला होता. पण चिरून शिजलेलें फळ कोणास ओळखतां येणार? जेवणारे ओरडले ते घांस तोंडांत गेल्यावर. तेथें घांसानें तरी धोका कळविला. विषारी अळंबी पुष्कळदां रुचकर लागते.

पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी अळंबी, जिला विदर्भांत सात्या म्हणतात, आमच्या वाचकांस परिचित आहे. तिच्या टोपीच्या मध्यावर टोंकदार उंचवटा असतो, आणि देठ मुळासारखा लांब होत थेट वाळवीच्या घरापर्यंत जातो. ह्यासाठींच अनोळखी अळंबी वरून खुडूं नये. खुरप्यानें बुडापासून उकरावी. बूड पांढऱ्या पिशवींत बसलेलें असेल, देठाभोंवतीं कडें असेल आणि टोपीखालच्या पाकळ्या पांढऱ्या असतील, तर ती अमानिटा कुळांतली समजून तेथेंच टाकावी. खुडणाऱ्याच्या हातीं ही पिशवी येतच नाहीं. ती मातींत राहते.

दुसरी परीक्षा अशी. टोपी कागदावर पालथी घालून रात्रभर वाटीखालीं झांकावी. सकाळीं कागदावर बारीक भुकटी पडलेली दिसते. वारुळाच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर, अमानिटाची पांढरी. आणि कुरणांत उगवणाऱ्या एका मोठ्या पांढऱ्या छत्रीची हिरवट. ही छत्री खाल्ल्यास थोड्याच तासांत ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. मात्र रंगावरून नाकारावें, केवळ रंगावरून स्वीकारूं नये.

चांदीचें नाणें काळें पडणें, लसणीचा रंग पालटणें, किड्यांनीं खाल्लेली असणें, ह्या परीक्षा निव्वळ खोट्या आहेत. गोगलगाय जी पचविते ती माणसास मारूं शकते. उकळल्यानेंही अमानिटाचें विष जात नाहीं. २०२२ च्या एप्रिलांत आसामच्या चहामळ्यांच्या भागांत रानांतील अळंबी खाऊन १३ जण दगावले.

ह्या विषाची लबाडी त्याच्या विलंबांत आहे. खाल्ल्यावर ६ ते २४ तास कांहींच होत नाहीं. मग ओकाऱ्या व जुलाब. मग एखादा दिवस बरें वाटतें, घरचे निश्चिंत होतात, आणि तेवढ्यांत यकृत निकामी होत असतें. म्हणून उशिरा सुरू झालेली ओकारी थांबली तरी रोग्यास इस्पितळांत न्यावेंच. रानांतून अळंबी आणाल तेव्हां एक बुडासकट, न धुतां, कागदांत गुंडाळून बाजूस ठेवा. डॉक्टर प्रथम तीच मागतील.